बॉक्स उघडताना पुस्तक हरवू नये म्हणून

खोक्याच्या झाकणावर ड्रॅगन छापलेला. झाकण उघडलं की रंगीत कागदी पट्ट्यांचं घरटं. त्यात सुगंधी मेणबत्ती, कॉफीचा मग, बिल्ल्यासारखी धातूची पिन, पात्रांची चित्रं असलेली दोन-तीन कार्डं, आणि या सगळ्याच्या खाली पुस्तक. फँटसी कादंबऱ्यांच्या सबस्क्रिप्शन बॉक्सची मांडणी साधारण अशी असते. ब्रिटनमधल्या ‘इल्युमिक्रेट’ आणि ‘फेअरीलूट’, कॅनडातली ‘आउलक्रेट’ या सेवा 2015-16च्या सुमाराला सुरू झाल्या. महिन्याची एक कल्पना ठरवायची, तिला साजेशी नवी कादंबरी निवडायची, तिची खास आवृत्ती छापून घ्यायची आणि सोबत चार वस्तू घालून वर्गणीदाराला पाठवायची, ही त्यांची पद्धत. इंग्रजीतून फँटसी वाचणारी मुलं-मुली आता आपल्याकडेही घरोघरी आहेत. बॉक्स उघडतानाचे व्हिडिओ ती पाहतात आणि एक दिवस ‘मलाही हवा’ म्हणतात. मागवायला हरकत नाही. पण एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. पुस्तक तळाशी ठेवलेलं असतं ते उत्सुकता ताणण्यासाठी. विकणाऱ्याने उघडण्याची दहा मिनिटं सजवलेली असतात आणि घेणाऱ्याला मात्र पुढचे दहा-पंधरा दिवस पुस्तकासोबत काढायचे असतात. म्हणून उघडण्याचा दिवस तपासणीचा समजावा आणि निकाल पुस्तक वाचून होईपर्यंत राखून ठेवावा. पुढचा बॉक्स घ्यायचा की नाही, हे त्या निकालावर ठरवावं. या लेखातल्या सगळ्या सूचना या एकाच सूत्राला धरून आहेत.

घरपोच पुस्तकांच्या धंद्याचा इतिहासही हेच सुचवतो. अमेरिकेत 1926 साली हॅरी शेरमन यांनी ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ काढला. परीक्षकांचं मंडळ महिन्याचं पुस्तक निवडणार आणि ते टपालाने सभासदांच्या घरी जाणार, अशी योजना. पहिलं निवडलेलं पुस्तक होतं सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर यांची ‘लॉली विलोज’ ही कादंबरी. भावाच्या संसारात वर्षं घालवलेली एक अविवाहित बाई लंडन सोडून खेड्यात राहायला जाते आणि चेटकीण होते, असं तिचं कथानक. म्हणजे या धंद्याचा श्रीगणेशाच एका चेटकिणीने केला! पण आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. क्लब आधी पुस्तक थेट पाठवत असे आणि न आवडल्यास परत घेत असे. परतीचा भार वाढल्यावर पद्धत बदलली: सूचना आधी येणार, आणि सभासदाने मुदतीत ‘नको’ कळवलं नाही तर पुस्तक रवाना होणार. मौन म्हणजे होकार, हे तत्त्व पुढे इतकं पसरलं की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला 1973 साली त्यासाठी खास नियम करावा लागला. आज कार्डावरून दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे हे त्याच तत्त्वाचं नवं रूप आहे. वर्गणीचा धंदा वाचकाच्या आवडीवर चालतो, तसा त्याच्या आळसावरही चालतो. आवड आणि आळस यांची गल्लत होऊ द्यायची नसेल, तर थांबून ठरवण्याची एक जागा आपली आपण राखावी लागते.

पहिली अशी जागा मागवण्याआधीची. परदेशातून येणाऱ्या बॉक्सची छापील किंमत म्हणजे खर्चाचा एक तुकडा. अनेक कुरिअर कंपन्या पार्सलचं प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेलं वजन, यांतलं जे जास्त त्यावर भाडं लावतात. आकारमानाचं वजन काढण्याची रूढ रीत सोपी आहे: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000ने भागायचं, येतात ते किलो. समजा खोकं 30 बाय 25 बाय 14 सेंटिमीटरचं आहे. गुणाकार 10,500, म्हणजे 2.1 किलो. तेच पुस्तक एकटं 26 बाय 19 बाय 7 सेंटिमीटरच्या वेष्टनात आलं, तर हिशेब जेमतेम 0.7 किलोचा होतो. मधल्या फरकात मग आहे, मेणबत्ती आहे आणि त्यांच्याभोवतीची बरीचशी हवा आहे. करांचंही तसंच. आयात पुस्तकांवर 2019च्या अर्थसंकल्पात 5 टक्के मूलभूत सीमाशुल्क लागू झालं आणि छापील पुस्तकांना जीएसटी नाही. पुस्तकाला मिळणारी ही वागणूक मगाला किंवा मेणबत्तीला मिळत नाही. म्हणून मागवताना प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी दाखवणारं बिल मिळेल का, सीमाशुल्क कोण भरणार आणि कुरिअर कंपनी हाताळणीचे पैसे वेगळे घेणार का, एवढे तीन प्रश्न आधी विचारावेत. फेअरीलूट, इल्युमिक्रेट यांच्यासारख्या सेवांकडे फक्त पुस्तकाची वर्गणीही मिळते. भारतातल्या वाचकाने पहिली चौकशी तिचीच करावी.

दुसरी जागा फँटसी या प्रकारामुळेच तयार होते. रहस्यकथा बहुधा एका पुस्तकात संपते. फँटसी मात्र तीन, पाच, सात खंडांत पसरते. बॉक्समधून येते ती बहुतेकदा नव्या मालिकेची सुरुवात. म्हणजे पहिला खंड रंगवलेल्या कडांचा आणि फॉइलच्या ठशांचा घरात आला, की पुढचे खंडही त्याच वेषात हवेसे वाटणार. काही सेवा पहिला खंड घेतलेल्यांना पुढचे आधी देऊ करतात. पण प्रत्येक मालिकेचं तसं होईलच असं नाही, आणि झालं तरी वर्ष-दीड वर्षाने पुन्हा तेवढेच पैसे मोजावे लागतात. तेव्हा महिन्याची कल्पना जाहीर झाली की पुस्तक एकटं आहे की मालिकेतलं, आणि मालिकेतलं असेल तर पुढच्या खंडांबद्दल सेवेचं काय म्हणणं आहे, हे पाहून घ्यावं. तितकंच महत्त्वाचं वयाचं. ‘यंग अडल्ट’ हा विभाग किशोरवयीन वाचकांसाठी असतो; ‘अडल्ट’ आणि ‘रोमँटसी’ विभागांतल्या कादंबऱ्यांत उघड शृंगार आणि हिंसा असू शकते. मुखपृष्ठावर तिन्हीकडे सारखेच ड्रॅगन, खंजीर आणि गुलाब असतात, त्यामुळे चित्र पाहून काहीच कळत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या भाचीला वाढदिवसाला बॉक्स द्यायचा असेल तर विभागाचं नाव वाचूनच पैसे भरा. पुस्तक गुपित ठेवणाऱ्या सेवेत ही एकच पाटी तुमच्या हाती असते.

आता प्रत्यक्ष उघडणं. खोकं हातात आलं की आधी बाहेरून पाहा: कोपरे दबलेत का, ओल लागून पुठ्ठा फुगलाय का, चिकटपट्टी दुसऱ्यांदा लावल्यासारखी दिसते का. पत्त्याच्या चिठ्ठीसकट चारही बाजूंचे फोटो काढा. मग फोन कशाला तरी टेकवून ठेवा आणि पट्टी कापण्यापासून पुस्तकाची पानं उलटून होईपर्यंत एकच सलग व्हिडिओ घ्या. हा व्हिडिओ कोणाला दाखवण्यासाठी नाही. मोडतोड झाली तर तो तुमचा पुरावा आहे, आणि मध्येच थांबवलेल्या व्हिडिओवर शंका घेणं विक्रेत्याला सोपं जातं. कटरचं पातं अर्धा सेंटिमीटरच बाहेर काढा आणि खोकं सरळ आहे याची खात्री करा. पुस्तक तळाशी असतं, त्यामुळे उलट्या खोक्यात पात्याखाली सगळ्यात आधी तेच येतं. आतल्या वस्तू एकेक काढून यादीशी ताडून पाहा. बहुतेक बॉक्समध्ये काय काय आहे हे सांगणारं कार्ड असतं. पुस्तकाचं नाव फुटू नये म्हणून ते शेवटी वाचायचा संकेत आहे, पण तपासणीपुरता तो बाजूला ठेवायला हरकत नाही. मेणबत्तीचा डबा आधी हुंगून आणि पुसून पाहा. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत तापलेल्या पार्सलमध्ये मेण वितळून तेल बाहेर आलेलं असू शकतं, आणि त्या तेलाचा डाग कागदावरून निघत नाही. सगळं नीट असलं तरी तक्रारीची मुदत संपेपर्यंत खोकं फेकू नका.

पुस्तकाच्या तपासणीला पाच मिनिटं द्या, कारण किमतीचा मोठा भाग याच वस्तूचा आहे. आपल्याकडचे प्रकाशक ज्याला फॉर्मा म्हणतात, तशा बहुधा 16 किंवा 32 पानांच्या घड्या एकापुढे एक ठेवून पुस्तक बांधलेलं असतं. चूक झाली तर ती अख्ख्या फॉर्म्याची होते: एक गळतो, एक दोनदा लागतो किंवा उलटा लागतो. त्यामुळे प्रत्येक पान तपासायची गरज नाही. दर दहा-बारा पानांनी थांबत पानांचे आकडे क्रमाने जातात का, एवढं पाहिलं की पुरे. मग वेष्टन काढून पुठ्ठ्यावरचे सोनेरी-रुपेरी ठसे पाहा, कणा सरळ आहे का पाहा, चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवा. सही असेल तर पान उजेडात तिरकं धरा. बॉलपेनने केलेली सही कागदावर दाब सोडते आणि मार्करची शाई मागच्या बाजूला किंचित उमटते. छापलेली सही मात्र पानाइतकीच सपाट असते, आणि भिंगातून तिचे ठिपके दिसू शकतात. दोन्ही प्रकार चालतात, फक्त जाहिरातीत कोणता सांगितला होता ते आठवा. हाताने सही केलेलं पान बऱ्याचदा नंतर चिकटवलेलं असतं, कारण लेखकाकडे सुटी पानंच पाठवलेली असतात. आतल्या शिवणीलगत गोंदाची बारीक रेघ दिसली तर तो दोष समजू नका.

रंगवलेल्या कडांवर या आवृत्त्यांचा सगळ्यात जास्त भर असतो, आणि नवखा वाचक पुस्तक बिघडवतो तेही तिथेच. कडांवर रंग मारताना पानं एकमेकांना हलकी चिकटतात. जोराने ओढली तर रंगाचा टवका उडतो किंवा कागदाची कड फाटते. पानं थोडी थोडी अंगठ्याखालून सोडत जा, पत्ते पिसतात तशी. चिकटलेल्या जागा आपोआप सुटतात. नवं जाड पुस्तक थेट मध्यावर उघडून दाबलं तर कण्याला घडी पडते. टेबलावर ते कण्यावर उभं धरा, एकदा पुढची काही पानं आणि एकदा मागची काही पानं उघडून हलक्या हाताने बसवा, असं करत मध्यापर्यंत या. रंगवलेल्या कडा ही कल्पनाही जुनीच. सोळाव्या शतकात इटलीत चेझारे वेचेल्लिओ या चित्रकाराने पिल्लोने घराण्याच्या ग्रंथसंग्रहातल्या पुस्तकांच्या कडांवर चित्रं काढली. तेव्हा पुस्तकं कडा बाहेर करून ठेवत, आणि चित्रावरून ग्रंथ ओळखू येई. सोनेरी मुलाम्याच्या कडा धूळ आत जाऊ देत नसत. अलंकाराला तेव्हा काम होतं, आणि ते काम वाचणाऱ्याचं होतं. आजची चित्रित कड निव्वळ कॅमेऱ्यासाठी आहे की पुस्तक पुन्हा हातात घ्यावंसं वाटायला लावते, हे ज्याचं त्यानेच वाचून ठरवायचं. तोवर ते कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत असेल तर पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून ठेवू नका. आत अडकलेली ओल बुरशीला पुरते. वारा खेळेल असं कपाट, सोबत सिलिका जेलची पुडी, थेट उन्हापासून लांब जागा, एवढं बस्स. रिकामी खोकीही साठवू नका; कसर आणि वाळवी यांना पुठ्ठा पुस्तकाइतकाच आवडतो.

उरल्या बाकीच्या वस्तू. त्यांच्याबाबत एक प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे, आणि त्यात योगायोगाने मगच होते. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि ते विकायला किती घ्याल, असं विचारलं. ज्यांच्याकडे मग नव्हते त्यांना, किती द्याल, असं विचारलं. मग काही मिनिटांपूर्वीच हाती आलेला असूनही विकणाऱ्यांची अपेक्षा घेणाऱ्यांच्या तयारीपेक्षा सुमारे दुप्पट भरली. वस्तू आपली झाली की तिची किंमत मनात वाढते. बॉक्स उघडताना नेमकं हेच घडतं: दुकानात ज्या मगाकडे आपण वळूनही पाहिलं नसतं, तो खोक्यातून निघताच मोलाचा वाटतो आणि ‘एवढ्या वस्तू आल्या, म्हणजे पैसे वसूल’ असा हिशेब जुळून जातो. यावर साधा उपाय आहे. प्रत्येक वस्तूपुढे, ही एकटी दुकानात दिसली असती तर किती रुपयांना घेतली असती, तो आकडा लिहा. शून्य असेल तर शून्य लिहा. बेरीज आणि पुस्तकाची बाजारातली किंमत मिळून बॉक्सच्या एकूण खर्चाशी ताडा. फरक उरेल तो उघडण्याच्या आनंदाचा भाव. तो परवडत असेल तर खुशाल द्या, पण किती दिला ते माहीत असू द्या.

इथे एक आक्षेप हमखास येईल: आनंदाचाही हिशेब मांडायचा का? दर महिन्याला स्वतःलाच न कळता पाठवलेली भेट म्हणून लोक हे घेतात, आणि त्यात वाईट काय? आक्षेप रास्त आहे. दिवाळी अंकांचा संच घरी येतो तेव्हा आपणही आधी सगळी मुखपृष्ठं पाहतो, अनुक्रमणिका चाळतो, कागद हुंगतो, वाचन नंतरचं. पण संच वर्षातून एकदा येतो आणि चाळायला वेळ असतो. बॉक्स महिन्याला येतो. पाचशे-सहाशे पानांची एक कादंबरी वाचून होण्याआधी दुसरी दारात उभी राहिली, तर पहिलीचा आनंद उघडण्यापुरताच उरतो. आनंद वाढावा म्हणूनच थांबायचं आहे. दुसरा आक्षेप गुंतवणुकीचा: खास आवृत्त्या पुढे महाग विकल्या जातात. काही विकल्या जातात, हे खरं. मात्र कोणत्या कादंबरीला मागणी वाढेल हे ती छापताना कोणालाच ठाऊक नसतं, ग्राहक बहुतेक परदेशात असतो, आणि इथून पाठवण्याचं भाडं नफ्यातून जातं. शिवाय भाव टिकवायचा म्हणून वेष्टनही न फोडलेलं पुस्तक वाचकाच्या घरात असून नसल्यासारखं. तिसरा आक्षेप पालकांचा, आणि तो सगळ्यात वजनदार: निदान या निमित्ताने मुलगी वाचते तरी. वाचत असेल तर बॉक्स सार्थकी लागला आणि वरचे सगळे आकडे गौण ठरले. पण ‘वाचते’ हे कपाटाकडे पाहून ठरवू नका. तिला गोष्ट विचारा. ती पात्रांची भांडणं सांगू लागली तर वर्गणी चालू ठेवा. मगाचाच रंग सांगत असेल, तर तेवढ्याच पैशांत तिला पुस्तकांच्या दुकानात नेऊन दोन-तीन पुस्तकं स्वतः निवडू द्या.

बंद करायचं ठरलं तर रस्ता आधीपासून ठाऊक असावा. कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे कापायचे असतील तर ग्राहकाने वेगळी मंजुरी द्यायची, प्रत्येक कपातीच्या किमान 24 तास आधी बँकेने कळवायचं आणि त्या वेळी ती कपात नाकारण्याची सोय द्यायची, अशी रिझर्व्ह बँकेची चौकट आहे. ती 1 ऑक्टोबर 2021पासून पुरती अमलात आली. बँकेचा तो संदेश न वाचता पुसून टाकू नका, तुमची थांबून ठरवण्याची जागा तोच आहे. भारतातल्या विक्रेत्यांना 2020चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत: आधीच खूण केलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती मानता येत नाही, तक्रारीची पोच 48 तासांत द्यावी लागते आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा लागतो. वर्गणी घेणं सोपं आणि सोडणं किचकट ठेवण्याला 2023च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ म्हणून गैरप्रथांच्या यादीत घातलं आहे. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. परदेशी छोट्या विक्रेत्यामागे इथून लागणं मात्र अवघड जातं. म्हणून तिथे एकदम वर्षाची वर्गणी भरू नका, एकेका महिन्याची घ्या, एखादा महिना वगळण्याची सोय आहे का ते पाहा आणि वर्गणी रद्द केल्याचा ईमेल जपून ठेवा.

शेवटी सगळं एका सवयीवर येतं, आणि तिला पैसे पडत नाहीत. बॉक्समधल्या यादीच्या कार्डाच्या मागे तीन गोष्टी लिहा: बॉक्स आला ती तारीख, एकूण किती खर्च झाला तो आकडा, आणि तिसरी जागा कोरी. पुस्तक वाचून संपेल त्या दिवशी तिथे तारीख टाका आणि पुढचा खंड वाचावासा वाटतो की नाही, ते एका शब्दात लिहा. अर्धवट सोडलं तर कितव्या पानावर सोडलं ते लिहा. हे कार्ड बुकमार्क म्हणून पुस्तकातच राहू द्या. बँकेचा पुढच्या कपातीचा संदेश आला की व्हिडिओ पाहू नका, कार्ड काढून पाहा. तिसरी जागा भरलेली असेल तर कपात होऊ द्या. कोरी असेल, तर तो महिना वगळा आणि कपाटातलं पुस्तक खाली काढा.